वाढत्या शहराचे अर्थनियोजन : ‘मोठा उद्योग आणा’ या मताचा प्रतिवाद

लाख-दोन लाख वस्तीच्या आणि अजून वाढत असलेल्या शहराने आपल्या लोकांच्या पोटापाण्याची सोय कशी लावायची, या प्रश्नाला महाराष्ट्रात एक ठरीव उत्तर मिळते. शेजारच्या माळरानावर एमआयडीसी मंजूर करून घ्यावी, सवलती देऊन एखादा नावाजलेला मोठा कारखाना तिथे आणावा, शहरातले रस्ते रुंद करावेत, बसस्थानकासमोर व्यापारी संकुल उभारावे. पुढचे आपोआप होते. जाहीरनाम्यांत हेच असते आणि सल्लागार संस्थांच्या अहवालांतही बहुधा हेच असते. या मताच्या मुळाशी तीन समजुती आहेत. शहराची वाढ बाहेरच्या भांडवलाने होते. शहरात आधीपासून चालणारे बारके धंदे हा वाढीतला अडसर असतो. आणि अर्थकारण राज्य व केंद्र सरकार पाहतील, नगरपालिकेने गटारे व दिवाबत्ती पाहावी. तिन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांच्या भरवशावर केलेल्या नियोजनात शहराचा पैसा, पाणी आणि एकेका पिढीचा काळ वाया जातो.

या समजुती तपासायला इचलकरंजीचे उदाहरण फार उपयोगी आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातले पंचगंगेकाठचे हे शहर. इथे जिल्ह्याचे ठाणे नाही, रेल्वे शहरात येत नाही, आणि भोवतालची जमीन उसाची. कापसाचा पट्टा इथून फार दूर. कापडधंद्याला अनुकूल म्हणून जे जे सांगितले जाते त्यातले बहुतेक काही इथे नव्हते. तरीही १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग चालवला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी धंद्याला पाठबळ दिले, आणि पुढच्या शतकात लाखाहून अधिक मागांचे शहर उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती. २०२२ मध्ये तिथल्या नगरपालिकेची महापालिका झाली. या सगळ्या वाढीत असा एकही मोठा कारखाना दाखवता येत नाही, जो बाहेरून आला आणि ज्याच्यामुळे शहर घडले.

वाढ झाली ती कामांच्या साखळीने. मागावर कापड विणायचे तर आधी ताण्याला खळ द्यावी लागते, म्हणून सायझिंगचे कारखाने निघाले. खळ दिलेल्या ताण्याचे बीम मागावर चढवण्यापूर्वी त्याचा एकेक धागा ओवावा लागतो, म्हणून वहिफणी कामगार आले. आडव्या धाग्याच्या कांड्या भरणारे आले, बिघडलेला माग रातोरात चालू करून देणारे जॉबर आले, सुटे भाग ओतणारे आणि घडवणारे कारागीर आले, हिशेब राखणारे दिवाणजी आले, सूत आणि कापड यांचे व्यापारी आले. एका दुव्याची अडचण हा दुसऱ्या कुणाचा तरी धंदा झाला. सुताच्या भावाची दोरी व्यापाऱ्यांच्या हाती राहते, हे ओळखून १९६० च्या दशकात यंत्रमागधारकांनीच डेक्कन सहकारी सूतगिरणी उभी केली. भांडवलासाठी शहरातल्या सहकारी बँका पुढे आल्या. शिकलेल्या तंत्रज्ञांची वाण जाणवली तेव्हा १९८२ मध्ये डीकेटीई संस्थेचे वस्त्रोद्योग व अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेही घोरपड्यांच्या राजवाड्यात. इंग्लंडमधल्या लँकेशायर आणि शेफील्डसारख्या भागांकडे पाहून आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये जे मांडले होते, त्याचे हे इथले रूप आहे. एकाच धंद्यातली लहान-लहान माणसे जवळजवळ राहतात तेव्हा कसब, सुटे भाग आणि बातमी या तिन्ही गोष्टी प्रत्येकाला स्वस्तात मिळतात. कुठल्याही एका मालकाला पैसे मोजून त्या विकत घेता येत नाहीत.

‘बारके धंदे म्हणजे अडसर’ हे मत या इतिहासापुढे टिकत नाही. त्याच्या समर्थकांचा एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. इचलकरंजीतले हजारो माग आजही साधे, जुने आहेत. मोठ्या संख्येने यंत्रमागधारक ‘खर्चीवाले’ आहेत: सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे, यांच्या वाट्याला पिकाच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, दराने ठरणारी मजुरी. बाजार पडला की व्यापारी मजुरी पाडतो आणि माग उभे राहतात. त्या मजुरीतून पुढे कामगाराची मजुरी निघते. ती वाढावी म्हणून संप होतात, करार होतात, आणि करार पाळला जात नाही म्हणून पुन्हा आंदोलने होतात. धंदा गरीब आहे हे खरे. प्रश्न असा, की तो लहान आहे म्हणून गरीब आहे का? कापडाचा प्रवास पाहिला की उत्तर मिळते. इथे विणलेले कोरे कापड मोठ्या प्रमाणावर राजस्थान-गुजरातेतल्या प्रक्रिया केंद्रांकडे जाते. धुलाई, रंगाई, छपाई तिथे होते. मीटरमागची खरी किंमत त्या टप्प्यांवर वाढते. शहराच्या हाती साखळीतला सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत कमी मोबदल्याचा तुकडा राहिला आहे. पुढचे टप्पे शहरात का रुजले नाहीत, या प्रश्नाचा माग काढणे हेच अर्थनियोजनाचे काम आहे. मोठा कारखाना आणून तो प्रश्न सुटत नाही. त्याच्याकडे फक्त पाठ फिरवली जाते.

आता मोठ्या उद्योगाच्या दाव्याकडे पाहू. त्याचा सर्वांत जोरकस पुरावा म्हणून पिंपरी-चिंचवडचे नाव घेतले जाते. १९५४ मध्ये केंद्र सरकारचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले, मागोमाग वाहनांचे कारखाने आले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. हे सारे घडले. पण त्याच्या आधीचे पान उलटलेच जात नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स खडकीतच १९४६ मध्ये सुरू झाले. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण एकोणिसाव्या शतकापासून होते. मुंबईचे बंदर रेल्वेने आणि रस्त्याने जोडलेले होते. यंत्रावर हात बसलेल्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्या तयार असताना कारखाने तिथे आले. त्यांनी ती परंपरा वाढवली, शून्यातून निर्माण केली नाही.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. पिंपरी-चिंचवडची श्रीमंती जकातीची होती. कारखान्यात येणाऱ्या मालावर जकात मिळे आणि ती थेट पालिकेच्या तिजोरीत जाई. कारखाना वाढला की रस्ते, पाणी, शाळा यांसाठी पैसा वाढे. तो मार्ग आता बंद झाला आहे. राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, बहुतेक महापालिकांच्या जकातीची जागा स्थानिक संस्था कराने घेतली, त्याचाही मोठा भाग २०१५ मध्ये संपला, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर उरलेसुरलेही राज्याच्या भरपाई अनुदानात विरघळले. अनुदानाचा आकडा शहरात नवा कारखाना आला म्हणून वाढत नाही. शिवाय बहुतेक औद्योगिक वसाहती पालिकेच्या हद्दीबाहेर असतात, त्यामुळे तिथल्या इमारतींचा मालमत्ता करही शहराला मिळत नाही. कामगार मात्र शहरात राहतो. पाणी, कचरा, दवाखाना, रस्ता यांचा भार शहरावर पडतो. म्हणजे १९७० च्या दशकात जे गणित नफ्याचे होते, ते आजच्या नगरपालिकेसाठी अनेकदा तोट्याचे ठरते. हा बदल लक्षात न घेता जुने उदाहरण पुढे करणे ही दिशाभूल आहे.

मोठा कारखाना टिकतोच असेही नाही. तळेगाव येथे जनरल मोटर्सचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात उत्पादनही बंद केले. कामगारांची देणी आणि नोकऱ्या यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. पुढे ह्युंदाईने तो प्रकल्प घेतला. उत्पादन बंद करण्याचा निर्णय अमेरिकेतल्या मुख्यालयात झाला. त्यात तळेगावचा, मावळचा किंवा महाराष्ट्राचा काही दोष नव्हता, आणि नेमका हाच मुद्दा आहे. ज्या शहराचे भवितव्य एका मालकावर अवलंबून असते, त्याच्या हातात स्वतःविषयीचा निर्णय उरत नाही. तळेगावच्या आसपास चाकण आहे, पिंपरी-चिंचवड आहे. एक प्रकल्प बंद पडला तरी पट्ट्यात दुसरे कारखाने होते. हाच प्रसंग मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या एकट्या पडलेल्या तालुक्याच्या शहरावर आला असता, तर शहर सावरायला कित्येक वर्षे लागली असती. उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना महाराष्ट्रात १९६४ पासून आहे, आणि मागास भागांना जास्त सवलत हे तिचे सूत्र आहे. इतक्या दशकांनंतरही उद्योगांचा मोठा हिस्सा मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातच दिसतो. सवलतीने कारखान्याचा हिशेब थोडा हलका होतो, पण कुशल कामगार, दुरुस्ती करणारा, सुटे भाग देणारा, माल उचलणारा यांची उणीव सवलतीने भरून निघत नाही.

नगरपालिकेने अर्थकारणात पडू नये, या मताला तर कायद्याचाही आधार नाही. १९९२ मध्ये मंजूर झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली. नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवण्यासारखे १८ विषय तिच्यात आहेत. पहिले दोन नगररचना आणि जमीनवापर यांचे; तिसराच विषय ‘आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन’ हा आहे. घरगुती, औद्योगिक आणि व्यापारी वापरासाठीचे पाणी हा पाचवा. घटनाकारांच्या नंतरच्या पिढीने इतके स्पष्ट लिहून ठेवले असताना प्रत्यक्षात नियोजन म्हणजे फक्त विकास आराखडा, असा व्यवहार रूढ झाला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार होणारा हा आराखडा पुढच्या वीस वर्षांसाठी जमीन रंगवतो: निवासी, व्यापारी, औद्योगिक, आरक्षणे. त्या जमिनीवर कोण काय काम करते, त्याला किती मिळते, त्याचे काय अडते, हे आराखडा विचारत नाही. घराच्या तळमजल्यावर चार माग आणि वर राहते कुटुंब, अशी इचलकरंजीच्या कितीतरी गल्ल्यांची रचना आहे. नकाशावरचा कोणताही एक रंग ती गल्ली नीट दाखवू शकत नाही. निवासी म्हटले तर धंदा बेकायदेशीर ठरतो, औद्योगिक म्हटले तर राहणारे.

म्हणून सुरुवात पाहणीपासून व्हायला हवी. महाराष्ट्राला ही गोष्ट नवीन नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली, आणि तिचे खंड १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. घरे, धंदे, मजुरी, कुटुंबाचे उत्पन्न यांची घरोघर जाऊन केलेली ती नोंद होती. संगणक नसताना, स्वातंत्र्याच्याही आधी, एका शहराविषयी हे करता आले. आजचे वाढते शहर २०११ च्या जनगणनेच्या आणि २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेच्या आकड्यांवर आपले बेत आखते. एवढ्या काळात शहराच्या कडेला नवी उपनगरे उठली, काही धंदे बुडाले, काही आले, परराज्यांतले कामगार आले आणि गेले. सल्लागार संस्था मग या जुन्या आकड्यांना वाढीचा दर लावते आणि शेवटी बलस्थाने व उणिवांचा तक्ता जोडते. असा तक्ता शहराचे नाव बदलून दुसरीकडे वापरता येतो. जो दस्तऐवज नाव बदलून दुसऱ्या शहराला चालतो, त्याने पहिल्या शहराविषयी काहीच सांगितलेले नसते.

पाहणीत विचारायचे प्रश्न साधे आहेत. शहरात कोणता माल बाहेरून येतो आणि त्यातला कोणता इथे होऊ शकेल? इथला माल अर्धवट अवस्थेत कुठे जातो आणि पुढचा टप्पा इथे का होत नाही? कोणता धंदा माणूस मिळत नाही म्हणून अडला आहे, कोणता जागेमुळे, कोणता पाण्यामुळे, कोणता उधारीमुळे? नगरपालिकेकडे यातल्या बऱ्याच गोष्टींची अर्धी माहिती आधीच असते, पण ती मालमत्ता कराच्या नोंदीत, परवाना विभागात, पाणीपट्टीच्या खात्यात आणि फेरीवाल्यांच्या यादीत विखुरलेली असते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तर दर पाच वर्षांनी फेरीवाल्यांचे सर्वेक्षण बंधनकारक केले आहे. ते अतिक्रमण विभागाचे काम म्हणून उरकले जाते. शहरातल्या किरकोळ व्यापाराची ती सर्वांत जिवंत नोंद आहे, हे कुणी पाहत नाही.

इचलकरंजीपुरते हे प्रश्न विचारले की सगळ्या वाटा पाण्याशी येऊन मिळतात. रंगाई आणि धुलाईला पाणी भरपूर लागते आणि त्यातून बाहेर पडणारे पाणी रसायनांनी भरलेले असते. शहराला दोन्ही बाजूंनी हेच अडते. पंचगंगा शहराला लागून वाहते, पण वरच्या अंगाला कोल्हापूर शहराचे आणि गावांचे सांडपाणी, साखर कारखान्यांचे पाणी, आणि खुद्द इचलकरंजीचा काळा ओढा यांनी ती इतकी मलिन झाली, की तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे झाले. २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली, हजारो माणसे आजारी पडली, अनेकांचे जीव गेले. दूरवर मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी आणणारी योजना आहे; तिची जलवाहिनी वारंवार गळते. दानोळीहून वारणेचे पाणी आणायचे ठरले तेव्हा नदीकाठच्या गावांनी ते रोखले. मग सुळकूडहून दूधगंगेचे पाणी आणायचे ठरले, तर तिथेही काठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला.

या विरोधाकडे शहरातून अडेलपणा म्हणून पाहिले जाते. ते अन्यायाचे आहे. आपल्या दारातली नदी ज्याने घाण केली, तोच शेजाऱ्याच्या नदीवर हक्क सांगतो आहे, असे काठच्या गावकऱ्याला दिसते, आणि त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर त्यात खोटे काही नाही. पंचगंगेचे काळे पाणी पुढे शिरोळ तालुक्यातल्या गावांत जाते. तिथले लोक वर्षानुवर्षे मेलेले मासे आणि जलपर्णीने भरलेले पात्र पाहत आले आहेत. शहराने आपल्या सांडपाण्याचा बंदोबस्त आधी केला असता, तर नव्या पाण्याची मागणी करताना त्याचा शब्द मानला गेला असता. माणसांना पिण्यासाठी स्वच्छ पाणी मिळालेच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण कापड रंगवायला नदीचे ताजे पाणी लागते, हे गृहीत धरायचे कारण नाही.

सुरत महापालिकेने २०१४ पासून बमरोलीच्या केंद्रात शहराचे सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून पांडेसरा औद्योगिक वसाहतीतल्या रंगाईच्या कारखान्यांना विकायला सुरुवात केली. केंद्राची क्षमता दिवसाला ४ कोटी लिटर. कारखान्यांना हुकमी पाणी मिळाले, महापालिकेला उत्पन्न मिळाले, आणि तेवढे ताजे पाणी वाचले. नागपूर महापालिकेचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. हे प्रयोग राज्यात आणि शेजारच्या राज्यात, नगरसंस्थांनीच केलेले आहेत. उलट बाजूचे उदाहरण तमिळनाडूतल्या तिरुपूरचे. होजिअरीच्या निर्यातीवर श्रीमंत झालेल्या त्या शहराने नोय्याल नदी रंगवून सोडली. शेतकरी न्यायालयात गेले. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने सातशेवर रंगाई-धुलाई कारखाने बंद करायला लावले. सांडपाण्याचा थेंबही नदीत न सोडणारी सामायिक केंद्रे उभारूनच धंदा पुन्हा मार्गी लागला, आणि त्यासाठी सरकारी कर्ज लागले, कारखानदारांचा मोठा पैसा लागला, मधली वर्षे कामगारांनी हाल काढले. जो खर्च आधी टाळला, तो नंतर न्यायालयाच्या आदेशाखाली आणि घाईत करावा लागला.

म्हणून इचलकरंजीसारख्या शहरात सांडपाणी शुद्धीकरण केंद्र हा आरोग्य विभागाचा खर्च मानणे ही चूक आहे. अर्थनियोजनातला तो पहिला खर्च आहे. त्याच्याशिवाय प्रक्रिया उद्योग वाढत नाही. प्रक्रिया वाढल्याशिवाय तयार कपड्यांचा उद्योग वाढत नाही. आणि तयार कपड्यांत, विशेषतः स्त्रियांना, मागाच्या कामापेक्षा जास्त आणि सन्मानाचे काम मिळू शकते. नवा कारखाना आणायला जो पैसा सवलतीत जातो, तो या एका ठिकाणी खर्चला तर शहरातल्या हजारो मागांच्या कापडाची किंमत वाढते. आणि हे केंद्र कुणी शहरातून उचलून दुसऱ्या राज्यात नेऊ शकत नाही.

प्रतिवाद फक्त मोठ्या उद्योगाच्या समर्थकांशीच आहे असे नाही. धंद्याच्या बाजूने बोलणारे पुढारीही दुसऱ्या टोकाची चूक करतात. त्यांची मागणी ठरलेली: वीजदरात सवलत, व्याजात सवलत, २७ अश्वशक्तीच्या आतल्या आणि वरच्या मागांना जादा अनुदान. १९९९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या तंत्रज्ञान उन्नयन योजनेपासून राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणापर्यंत अनुदानांची मोठी परंपरा आहे. वीज महाग आहे हे खरे, आणि शेजारच्या राज्यांशी स्पर्धा करताना ती तक्रार रास्त आहे. पण सवलतीच्या विजेवर तोच जुना माग तेच कोरे कापड विणत राहिला, तर बाजारातल्या स्पर्धेने व्यापारी मजुरी तेवढीच खाली आणतो आणि अनुदान अखेर कापड घेणाऱ्याच्या खिशात जाते. नव्या मागाला मिळणारे भांडवली अनुदान ज्याच्याकडे तारण आहे त्यालाच घेता येते. चार मागांचा खर्चीवाला ते घेऊ शकत नाही. त्याला हवी आहे सुताची एकत्र खरेदी, कापडाची एकत्र विक्री आणि वेळेवर मिळणारे खेळते भांडवल. सूतगिरणी काढताना जी सहकाराची रीत वापरली होती, तीच विक्रीच्या टोकाला वापरली असती तर खर्चीवाल्याची आजची अवस्था वेगळी असती. सहकाराने सूत आणि पतपुरवठा हाताळला, बाजार हाताळला नाही. ती उणीव आजही भरून काढता येण्यासारखी आहे.

कामगाराच्या घराचा विषय तर जवळपास कोणत्याच आराखड्यात येत नाही. इचलकरंजीत माग चालवणारे हात आता मोठ्या प्रमाणावर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, उत्तर कर्नाटक आणि मराठवाड्यातून येतात. अनेकजण मागांच्या शेडमध्येच, पाळीने, यंत्राच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात झोपतात. २०२० च्या टाळेबंदीत देशभरातल्या औद्योगिक शहरांतून कामगार पायी निघाले, तेव्हा कारखानदारांना पहिल्यांदा जाणवले, की ज्याला शहरात घर नाही तो संकटात शहरात थांबत नाही. भाड्याची स्वस्त घरे, पाळणाघर, परभाषक मुलांना सामावून घेणारी शाळा, या गोष्टी कल्याणकारी म्हणून शेवटच्या प्रकरणात टाकल्या जातात. धंद्याच्या दृष्टीनेही त्या पहिल्या प्रकरणातल्या आहेत, कारण कसब माणसाच्या हातात असते, आणि माणूस कुटुंबासह स्थिरावला तरच ते कसब पुढच्या पिढीकडे जाते.

हे सर्व करायला पैसा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. शहराच्या हातात खात्रीचे असे दोनच मोठे स्रोत उरले आहेत: मालमत्ता कर, आणि जमिनीच्या वाढत्या किमतीतला वाटा. शहर वाढते तेव्हा कडेच्या शेतजमिनीची किंमत अनेक पटींनी वाढते. ती वाढ रस्ता, पाणी आणि लोकवस्ती यांमुळे होते, म्हणजे सार्वजनिक पैशाने होते. तिच्यातला मोठा भाग जमीन आधीच घेऊन ठेवणाऱ्यांकडे जातो. नगररचना योजना हे महाराष्ट्राच्याच १९६६ च्या कायद्यातले साधन यासाठी आहे: शेतजमिनी एकत्र करून, रस्ते आणि सार्वजनिक जागा वगळून, त्या मूळ मालकांना पुन्हा वाटायच्या आणि वाढलेल्या किमतीचा हिस्सा पालिकेने घ्यायचा. गुजरातेतल्या शहरांनी ते सातत्याने वापरले. महाराष्ट्रातल्या वाढत्या शहरांनी दशकानुदशके कपाटात ठेवले. लहान गाळे, सामायिक गोदामे आणि कामगारांची घरे यांना जागा याच मार्गाने मिळू शकते. बसस्थानकासमोरच्या संकुलातले भाड्याने न गेलेले गाळे अनेक शहरांत दिसतात. तेवढ्याच पैशात कडेच्या जमिनीवर आखलेली एक योजना शहराला कितीतरी अधिक देते.

शेवटचा प्रश्न निर्णय कोण घेणार याचा आहे. इचलकरंजी महापालिका झाली तेव्हा तिथे लोकनिर्वाचित सभागृह नव्हते, आणि नव्या महापालिकेची सुरुवातीची वर्षे प्रशासकाच्या हाताखाली गेली. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांची तेव्हा हीच अवस्था होती. प्रशासक कितीही कर्तबगार असला तरी खर्चीवाला, वहिफणी कामगार, सायझिंगचा मालक, रंगाईवाला आणि नदीकाठचा शेतकरी यांच्यात तडजोड घडवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तो अधिकार मतांतूनच येतो. सभागृहाने आर्थिक विकासाची स्थायी स्वरूपाची समिती नेमावी, तिच्यात या सर्व धंद्यांचे आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधी घ्यावेत, कोरे कापड किती बाहेर गेले आणि किती शहरात रंगवले गेले, किती सांडपाणी शुद्ध होऊन पुन्हा वापरले गेले, पिकाचा दर आणि कामगाराची मजुरी कुठे होती, हे आकडे दर वर्षी अर्थसंकल्पासोबत छापावेत. अशा आकड्यांवर चर्चा झाली तर नगरसेवकाला आणि मतदाराला शहर कुठे चालले आहे ते कळेल, आणि ‘मोठा उद्योग येतोय’ या घोषणेला शहराच्या हिशेबात किती जागा द्यायची, तेही ठरवता येईल.